प्रतिसाद: परभणीचे मेळावे आणि संशोधन प्रकल्पाच्या जागा

वर एकांनी लिहिलंय की विद्यापीठात संशोधनाच्या जागा निघत नाहीत आणि कार्यक्रम म्हणजे नुसते हारतुरे. हारतुऱ्यांचं मान्य, भाषणं लांबतातच. पण परभणीच्या कृषी विद्यापीठात १८ मे या स्थापनादिनाच्या सुमारास खरिपाचा आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला धरून, रब्बीचा शेतकरी मेळावा असतो. तिथं बियाण्याच्या रांगेपलीकडे जाऊन शास्त्रज्ञांशी बोलता येतं. कुणाला कोणता प्रकल्प मिळालाय, हे मला तरी अशाच गप्पांतून कळलं.

आता जागांचं. दादा, तुम्ही कायम भरतीच्या जाहिरातीत शोधताय. प्रकल्पाची जागा त्यात नसते. बाहेरच्या संस्थेनं एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला पैसे दिले की त्यातून एक-दोन माणसं घेतात. सूचना संकेतस्थळावर कुठंतरी कोपऱ्यात, मुदत तोकडी, बऱ्याचदा थेट मुलाखत आणि प्रवासखर्च आपलाच. म्हणून विभागाच्या फलकावर नजर ठेवा. नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा पास झालेल्या जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दरानं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ अधिछात्राला, ४२,०००. विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतल्या जागेला एवढं मिळेलच असं नाही, जाहिरात नीट वाचा.

एक मात्र आधीच विचारून घ्या : प्रकल्पाची किती मुदत उरलीय? प्रकल्प संपला की नोकरीही संपते, आणि पीएच.डी.ची नोंदणी त्यासोबत आपोआप होत नाही.