मदत हवी आहे : सोलर सेलच्या संशोधनाला सरकारी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आम्ही प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइटचे (विशिष्ट स्फटिकरचना असलेल्या पदार्थाचे) छोटे सोलर सेल बनवतो. २००९ साली जपानमध्ये असे पहिले सेल झाले तेव्हा कार्यक्षमता ४ टक्क्यांच्याही आत होती, आज ती नेहमीच्या सिलिकॉन सेलच्या तोडीस आली आहे. पण ओलावा लागला की संपलं. जूनमध्ये खिडकीपाशी ठेवलेला सेल मी रोज बघत होते. काळपट तपकिरी थर आधी कडेने पिवळा पडला, मग सगळाच. पिवळं उरतं ते लेड आयोडाइड, म्हणजे शिशाचं विषारी संयुग. म्हणून सील पक्कं हवंच.

खारा वारा आणि चार महिने पाऊस, याहून कडक परीक्षा कुठली? अशा सेलच्या टिकाऊपणाची चाचणी कोकणातच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

अडचण पैशांची. २०२३ च्या कायद्याने 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' (संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था) आलं, पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट आहे, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. आमचा आधीचा प्रस्ताव एका ठिकाणाहून 'उपकरणं अपुरी' म्हणून परत आला. उपकरणांसाठीच तर मागत होतो!

आयआयटी मुंबईत फोटोव्होल्टाइक (उजेडापासून थेट वीज) संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अशा मोठ्या संस्थेला जोडून अर्ज केलेलं कुणी आहे का इथे? बजेट कसं मांडलंत? राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे कुणी गेलंय का? प्लीज, अनुभव सविस्तर लिहा.