झेंड्याची गाठ सुटलीच नाही, काय चुकलं?

केळीवाला:
मागच्या १५ ऑगस्टला आमच्या गावी (यावल तालुका) झेंडा वर गेला, पण उलगडेना. सरपंचताईंनी तीनदा दोरी ओढली. पोरं राष्ट्रगीतासाठी सावधानमध्ये ताटकळली. शेवटी खाली घेतला अन् गाठ दातांनी सोडवली. बांधली होती मीच! यंदाही काम माझ्याच गळ्यात. ‘अपशकुन’ म्हणणारे दोघं-तिघं अजून पारावर बसलेले असतात. नेमकं कसं बांधायचं?

अरुणावतीकाठ:
अपशकुनवाल्यांना सांग भो, तुमच्या शेजारी फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. तिथंही झेंडा मध्येच अडकला होता! आमच्या शिरपूरचे किसनसिंग राजपूत खांबावर चढले अन् मोकळा केला. पुढं ११ वर्षांत स्वातंत्र्य आलंच की.

आप्पा (निवृत्त शिक्षक):
३१ वर्षं शाळेचा झेंडा मी बांधला. एकदा नुसती फुलं पडली, झेंडा तसाच. साहेबांचं तोंड अजून आठवतं.
तू निरगाठ मारली असशील. त्यात ऑगस्ट. सुती दोरी पावसात फुगते, गाठ आवळून बसते. सुरगाठ मार. केशरी वर आहे ना, ते दोनदा बघ. घडीत पाकळ्या चिमूटभरच, ओंजळभर नको. ओल्या झाल्या की कापडाला चिकटतात. घडीवर दोरीचे दोनच वेढे, मग मोकळ्या दोरीची दुमड करून वेढ्याखाली खोवायची. टोक कधीच आरपार काढायचं नाही. ओढलं की दुमड निसटते. आदल्या संध्याकाळी कप्पीत थेंबभर तेल.

केळीवाला:
आप्पा, १५ ऑगस्टला खालून वर नेतात, २६ जानेवारीला वरच बांधलेला असतो म्हणे?

आप्पा (निवृत्त शिक्षक):
दिल्लीत तसंच. १५ ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावर, २६ जानेवारीला राष्ट्रपती. (लाल किल्ल्यावर पहिल्यांदा चढला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, १५ ला नव्हे. पोरांना हे विचारलं की हमखास चुकायची.) आपण गावात दोन्ही दिवशी घडी करून बांधतो. तू खालून वर ने, झपकन. संध्याकाळी उतरवताना मात्र सावकाश.

केळीवाला:
आत्ता ओसरीतल्या दांडीला गमछा बांधून पाहिला. तीनदा सुटला, चौथ्यांदा अडकला.

आप्पा (निवृत्त शिक्षक):
दुमड फार आत खोवलीस. दोन बोटं बाहेर ठेव.