असलेल्याच अक्षरात ‘माझं’ काय असतं?

तासगावचा_पोरगा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून देवनागरी फाँट करतोय. परवा परीक्षण झालं आणि तेव्हापासून संगणक उघडायची इच्छाच होत नाहीये.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फवारणीच्या औषधाबरोबर घडी घातलेलं माहितीपत्रक येतं. पातळ कागद, बऱ्याच भाषा, मराठीच्या वाट्याला जेमतेम तळहाताएवढी जागा. बाटलीवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा हे सगळे बघतात, कारण विष किती जहाल ते रंगावरून कळतं. पत्रक मात्र तसंच बांधावर पडतं. ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा पहाटे पप्पा बॅटरी धरून उभे होते. मला विचारलं, “हे दीड हाय का पंधरा?” दशांशाचं टिंब कागदानं पिऊन टाकलं होतं. हरभऱ्याच्या बियाण्याला लावायच्या औषधावर ‘मर’ रोगाचं ‘भर’ झालेलं मी स्वतः बघितलंय. ‘खत’ आणि ‘रवत’ तर सांगायलाच नको.

म्हणून मी फक्त एवढ्यासाठी फाँट करायला घेतला: सहा पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक आकारात, पातळ कागदावर, वाईट छपाईतही वाचता आला पाहिजे. आठ महिने झाले. परीक्षक सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “नीटनेटकं आहे. पण हे तर आहेच. यात तुझं काय?” माझ्या शेजारच्या मुलीनं बारा फुटी कापडावर एकच ‘अ’ झाडूनं रंगवला होता. तो खरंच सुंदर होता, मी स्वतः बराच वेळ त्याच्यापुढे उभा होतो. पण मग मी जे करतोय ते काय? निर्मिती की नुसती दुरुस्ती? सर्जनशीलता नेमकी कशाला म्हणायची?

पाटी_पोस्टर_पुणे

मित्रा, चौदा वर्षं जाहिरातीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुझे सर पूर्ण चुकलेले नाहीत. बघणाऱ्याला फरक दिसलाच नाही तर तो आहे हे त्यानं कशावरून मानायचं? आमच्याकडे ग्राहक पहिल्या नजरेत ठरवतो. वेगळेपण डोळ्यात भरायला हवं, निदान काम मांडताना तरी.

एक विचारतो. भिंतीवर तू काय लावलं होतंस?

तासगावचा_पोरगा

मोठ्या कागदावर निवडक अक्षरं. क, ख, भ, ळ, द्ध. एकेक अक्षर वीतभर उंचीचं. सगळे तसंच लावतात.

पाटी_पोस्टर_पुणे

तिथेच घोटाळा झाला. सहा पॉइंटासाठी केलेलं अक्षर वीतभर करून दाखवलंस तर त्यात फक्त बेढबपणा दिसणार. त्याच पत्रकाच्या कागदावर आधीचा मजकूर आणि तुझा मजकूर शेजारी शेजारी छापून सरांच्या हातात द्यायला हवा होतास. बाकी ‘निर्मिती की दुरुस्ती’ हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही. त्यावर इथले जाणकार बोलतील.

जुना_जुळारी_सातारा

बाळा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी १९८१ साली, सतराव्या वर्षी साताऱ्यात छापखान्यात लागलो, जुळारी म्हणून. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ लावायची हे काम. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं, मीही संगणकावर बसलो. पण अक्षर मला आजही आधी बोटांना कळतं, डोळ्यांना नंतर.

तुला एक प्रसंग सांगतो, तो मी चाळीस वर्षं जवळ बाळगलाय. लग्नसराई होती. एक गृहस्थ मुलीची पत्रिका छापायला आले. गावाचं नाव ‘कऱ्हाड’ असंच पाहिजे, ‘कराड’ चालणार नाही, त्यांचे वडील तसं लिहायचे म्हणून. वर मथळ्याला मालकांनी नुकताच घेतलेला जाड टाइप त्यांना आवडला. तो टाइप हिंदी मुलखातून आलेला. त्यात आपला हा अर्धा र नव्हताच. हिंदीला तो लागत नाही, तर ओतणारा तरी कशाला ओतेल? आहे त्या खिळ्यांत जुळवायला गेलं की रफार ह च्या डोक्यावर चढून बसायचा. मालक म्हणाले, “कराड करून टाका, कोण बघतंय.”

आमच्या हेडकंपोझिटरांनी, म्हणजे मुख्य जुळाऱ्यांनी, काही उत्तर दिलं नाही. वितळवायला काढलेल्या झिजक्या खिळ्यांचा डबा घेतला, त्यातून एक उकार शोधला आणि कानस घेऊन बसले. उकाराचं शेपूट घासायचं, भिंगातून बघायचं, परत एक घासा. शिसं मऊ असतं. एक घासा जास्त पडला की खिळा गेला. दोन गेले. तिसऱ्याला ती आडवी, किंचित वाकलेली रेघ मिळाली. पण उकार बसतो अक्षराच्या पायाशी आणि हा र हवा ह च्या छातीशी. मग खाली लेडचा, म्हणजे दोन ओळींमध्ये घालतात त्या पातळ पट्टीचा, बारीक तुकडा सरकवून तो उचलला, वर कागदाची घडी दाबून घट्ट केला. तांदळाच्या कणीएवढ्या खुणेसाठी दीड तास गेला, तोही लग्नसराईत, बाहेर माणसं ताटकळत असताना.

गृहस्थ आले, प्रूफ वाचलं आणि म्हणाले, “दोनशेच्या अडीचशे करा.” कऱ्हाडबद्दल एक शब्द नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. हेडकंपोझिटर मात्र खूश होते. तो खिळा त्यांनी काडेपेटीत कापूस घालून ठेवला, आणि पुढे वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, त्या जाड टायपात जे जे छापलं ते त्या काडेपेटीतून निघालं.

आता तुझ्या सरांचा प्रश्न त्यांना विचार. त्यात त्यांचं काय होतं? र आधीपासून होता, उकारही होता. पण उकाराच्या शेपटात र लपलाय हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं, आणि आम्ही सगळे तो उकार दिवसातून शंभरदा हाताळत होतो. त्यांना दिसलं, कारण हात अडला आणि त्यांनी ‘कराड करून टाका’ ऐकलं नाही. वीस वर्षं तेच खिळे बोटांखालून गेले होते हेही आहेच. सर्जन म्हणून जे काही म्हणतात ते मी त्या दीड तासात बघितलं असं मी मानतो.

मोठ्यांचंही बघ. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांचे मूळ ठसे राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. पोलादाच्या टोकावर, उलटं अक्षर, हातानं कोरायचं. जुन्या बाजारात निर्णयसागरची एखादी संस्कृत पोथी मिळाली तर घे आणि भिंगाखाली धर. ‘क’ तोच आहे, हस्तलिखितात लोक लिहीत आले तोच. पण गाठीच्या आत पांढरं किती ठेवायचं, शिरोरेषा कुठे हलकी करायची, तीन अक्षरं एकाखाली एक आलेलं जोडाक्षर चिरडू कसं द्यायचं नाही, हे एकेका अक्षरापाशी बसून ठरवलेलं आहे. वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, तो सरळ श्लोक वाचत जातो.

आपल्या काळातलं सांगायचं तर र. कृ. जोशी. ते कवीही होते, अक्षरांशी खेळून त्यांनी चित्रासारख्या कविता केल्या. तुझ्या मैत्रिणीचा ‘अ’ त्यांना नक्की आवडला असता. आणि त्याच माणसानं ‘मंगल’ फाँट केला, जो विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. त्या वेळच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके यायचे. त्यात वेलांटीची कमान बसवायची, अनुस्वार वेगळा ठेवायचा, रफार त्याला चिकटू द्यायचा नाही. लाखो लोकांनी आयुष्यातलं पहिलं मराठी टंकलेखन त्या अक्षरात केलं असेल. मला एकाच माणसाचे हे दोन हात वेगळे वाटत नाहीत.

मात्र ‘बंधनातूनच कला फुलते’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस. हरी गोविंद गोविल यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत लायनोटाइप यंत्रावर, म्हणजे कळा दाबून अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्रावर, देवनागरी बसवली. कळफलकाला कळा ९०. एवढ्यात आपली बाराखडी आणि जोडाक्षरं मावणार कशी? अक्षरांचे तुकडे करावे लागले. एका अक्षराचा भाग दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकत नव्हता, त्यामुळे उकार अक्षराखालून निसटून उजवीकडे सरकलेले दिसायचे. त्यांचे कष्ट मोठे होते, वर्तमानपत्रांना वेग मिळाला. तरी मी तो मजकूर वाचतो तेव्हा मला अक्षर दुखावलेलं दिसतं. तिथे यंत्रानं अक्षराला वाकवलं. आमच्या हेडकंपोझिटरांनी खिळ्याला वाकवलं, ‘कऱ्हाड’ला नाही. तुझ्या फाँटमध्ये कोण कुणाला वाकवतंय ते तपासत जा.

आता कामाचं. सहा पॉइंटात ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ठेवायचे तर शिरोरेषेतली फट मोजून ठेवू नकोस, छापून ठेव. शाई पसरते आणि फट बुजते. पडद्यावर बावळट दिसेल एवढी मोठी फट घे. ‘भ’ची वरची गाठही पोकळ न ठेवता भरीव करून बघ. ‘ख’मधल्या र चं शेपूट व च्या पोटाखाली नेऊन पक्कं जोड. टिंबाचं काय केलंयस ते तू लिहिलंच नाहीस. पप्पा अडले ते टिंबापाशी ना?

येवल्याची_लेक

काका, तुमचा उकार वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते. मी येवल्याची, घरात हातमाग आहे, लग्नाआधीपासून पैठणी विणते.

पदरावर मोर असतो ना, त्याची मान गोल दिसते. पण मागावर गोल काहीच नसतं. ताणा उभा, बाणा आडवा, संपलं. गोलाई आणायची ती तारा मोजून. रंगीत रेशमाची कांडी या तारेवरून वळवायची की पुढच्या तारेवरून, एवढंच हातात असतं. नक्षीचा कागद समोर असतो आणि त्यावर सगळं ठरलेलं असतं असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या घरात सासूबाई आणि मी एकाच कागदावरून विणतो. त्यांच्या मोराची मान अशी येते की आता वळून बघेल. माझी बरीच वर्षं ताठ यायची. कागद तोच, रेशीम तेच. मी त्यांच्या शेजारी बसून तारा मोजल्या. मानेच्या वळणापाशी त्या एक तार आधी वळतात, कागदात नसताना. मी विचारलं का, तर म्हणाल्या, “रेशीम बसल्यावर अंग धरतं गं, त्याला जागा नको का?” काकांनी शाई पसरते म्हणून लिहिलंय ते अगदी हेच.

दादा, गिऱ्हाइकाला ती तार कधीच दिसत नाही. मोर दोन्ही बाजूंनी सारखा आहे ना, एवढं पदर उलटून बघतात. पण दोन साड्या पुढे टाकल्या की हात सासूबाईंच्या साडीवर जातो. तुमच्या पप्पांना विचारा, सरांना नंतर दाखवा.

तासगावचा_पोरगा

काका, ताई, पुणेकर दादा, उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, क्षमा करा. तुमचं सगळं वाचून त्याच रात्री संगणक उघडला.

काका, टिंबाचं तुम्ही बरोबर पकडलंत. अक्षरं आठ महिने घासली, पण टिंब जसंच्या तसं ठेवलं होतं, टिंबात काय करायचं असतं असं वाटायचं. आता त्याचा आकार जवळजवळ दुप्पट केलाय, पायापासून थोडं वर उचललंय आणि दोन्ही बाजूंना जागा सोडलीय. पडद्यावर ‘१.५’ बघितलं तर मध्ये खडा अडकल्यासारखा दिसतो. ‘भ’ची फट तुम्ही सांगितल्यापेक्षाही जास्त घ्यावी लागली. गाठ भरीव केली तेव्हा कुठे ‘मर’ आणि ‘भर’ दोन शब्द झाले.

तासगावात एका छापखान्यात पत्रकासारखाच पातळ कागद मिळाला. जुना मजकूर डावीकडे, माझा उजवीकडे, असे वीस कागद काढले. पहाटे पप्पांबरोबर बागेत गेलो आणि काही न सांगता एक कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बॅटरी धरली. डावीकडचं वाचताना कागद लांब धरला, जवळ धरला, डोळे बारीक केले. मग उजवीकडे आले आणि सरळ वाचत गेले, “एका लिटरला दीड मिली, वारं असताना फवारू नये,” आणि कागद घडी करून खिशात घालून पंपाकडे गेले. मला काहीच बोलले नाहीत. काका, तुमच्या कऱ्हाडच्या गृहस्थांसारखं.

फक्त खालच्या ओळीतल्या ‘शुद्ध पाणी’पाशी ते जरा थांबले होते. मी नंतर भिंगातून बघितलं. ‘द्ध’चं पोट शाईनं पूर्ण भरलंय. द आणि ध एकाखाली एक ठेवले की उंची पुरत नाही आणि शेजारी मांडून हलंत दिला की पप्पांना तो दुसराच शब्द वाटतो. भिंगातून काढलेला फोटो खाली जोडलाय. काका, तुमच्या खिळ्यांच्या खणातला ‘द्ध’ कसा होता, आठवतो का?