मदत हवी आहे : खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड, एकट्याने, एका दिवसात

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात एका मंगळवारी खिरेश्वर, टोलार खिंड, मंदिर, कोकणकडा आणि त्याच वाटेने परत असा बेत आहे. गड १४२४ मीटर उंच. पाचनईची वाट सोपी हे माहीत आहे, पण मला खिंडीतूनच जायचंय. रेलिंगच्या कातळटप्प्याची काळजी नाही. काळजी आहे ती वरच्या पठाराची. दोन वर्षांपूर्वी तिथेच धुक्यात चुकलो होतो, तेव्हा निदान सोबत मित्र होते. आता मोबाईलला रेंज नसताना एकटा असेन.

रेलिंगनंतर मंदिरापर्यंत नेमकी कुठे वाट फुटते? खुणा काय? पहाटे पाचला निघालो तर उजेडात परतेन का? घरी आई काळजीत आहे, तिला काय सांगून निघू?