पाठांतर सोडा, पुडा उलटा करा
ताई, तुम्ही म्हणताय की फायबर, सोडियम, कोलेस्टेरॉल असे आहार-आजाराचे इंग्लिश शब्द पाठ केले तरी आठवड्यात विसरायला होतं. वही ठेवा बाजूला आणि घरातला बिस्किटचा पुडा उलटा करून वाचा. आईला शुगर निघाली तेव्हा मी तसंच शिकलो. पुढे मोठ्ठं 'आटा' आणि मागे इन्ग्रेडियंट्समध्ये पहिलंच नाव रिफाइंड व्हीट फ्लार, म्हणजे आपला मैदाच की! (यादीत वजनाने जे जास्त ते आधी लिहितात, हे कळलं की निम्मं काम झालं.) आणि शुगर फ्री अन् नो अ‍ॅडेड शुगर एकच नाही हां, शुगर फ्री म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम, नो अ‍ॅडेड म्हणजे वरून घातली नाही एवढंच, खजुराची असतेच आणि आमची आई ते खजुराचे लाडू निवांत हाणत होती. घरात कुणाला बीपी असेल तर सोडियम शोधा, २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, डब्ल्यूएचओ दिवसाला त्याहून कमीच खा म्हणते, तेही लोणचं-पापड धरून.