सर्दी गेली, कानातली शिट्टी जाईना – मदत हवी आहे

वळचण: ताप-सर्दी होऊन गेली. खोकलाही गेला, पण कानात सतत बारीक शिट्टी वाजतेय. दिवसा कामात चालून जातं, रात्री दिवे मालवले की डोकं उठतं. जवळच्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे, जाईल आपोआप' म्हणून गोळ्या दिल्या. काडीचा फरक नाही. कोणाला असं झालंय का? कधी गेलं? घरगुती उपाय असेल तर लगेच सांगा, झोप नाहीये.

पागोळी: एका कानात की दोन्ही? ऐकू कमी येतंय का? गोळ्या कुठल्या? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

खारीपाव: तिळाच्या तेलात लसूण कडकवायचा, कोमट झालं की दोन थेंब कानात. आमच्याकडे सगळ्यांना लागू पडलंय.

पागोळी: कृपया तेल नको! पडद्याला भोक असेल तर थेट मधल्या कानात जाईल.

खारीपाव: पिढ्यान्‌पिढ्या घालतोय, कोणी बहिरं झालं नाही.

घाटवाट: सर्दीत नाकाकडून मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजते, दडे बसतात, आवाज येतो. मला कोविडनंतर झालं होतं. वाफ आणि नाकाचा स्प्रे घेतला, मोकळं झालं. घाबरू नका.

वळचण: उजव्याच कानात. दडा बसल्यासारखं वाटतं खरं. फोन उजवीकडे लावला तर समोरचा पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं, म्हणून डावीकडे धरतो. स्प्रे कुठला, घाटवाट?

निवळी: मी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करते, म्हणून कळकळीने सांगते. स्प्रे राहू दे, आजच ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर) गाठा. एकाच कानात शिट्टी आणि आवाज चिरका, हा नुसता दडा नसेलही. विषाणूच्या आजारानंतर कधीकधी आतल्या कानालाच इजा होऊन अचानक ऐकू कमी येतं. पडदा स्वच्छ दिसतो, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. यात स्टिरॉइड पहिल्या 2 आठवड्यांत सुरू करतात, जितकं लवकर तितकं बरं. तोंड मिटून 'म्‌ऽऽ' करा. कुठल्या कानात मोठं येतं?

घाटवाट: उगाच घाबरवताय त्यांना.

निवळी: तुमचे दोन्ही कान होते ना? इथे एकच आहे.

कुंभारवाडा: विषय निघालाच आहे तर, सासूबाईंना श्रवणयंत्र कानामागचं घ्यावं की आतलं? बोटं थरथरतात त्यांची.

वळचण: डाव्या कानात मोठं येतं. म्हणजे काय? आणि मला शुगर आहे, स्टिरॉइड चालतं का?

निवळी: दड्यात हुंकार बंद कानात मोठा येतो. तुमचा चांगल्या कानात येतोय, म्हणजे आतल्या कानाचीच शंका जास्त. घरच्या चाचणीवर निदान होत नाही, पण उद्यावर टाकू नका. शुगरचं आधी सांगायचं होतंत! डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी शुगर चढते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवून देतात किंवा पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन देतात.
कुंभारवाडा, थरथर असेल तर कानामागचंच. बॅटरी हाताळायला सोपं.

खारीपाव: शुगरला मेथीचं पाणी घ्या, रोज उपाशीपोटी.

वळचण: संध्याकाळी 5 ची वेळ मिळाली. रात्रीचं काय करू तेवढं सांगा.

पागोळी: अगदी शांतता नको. पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवा. कानात कापूस कोंबू नका, शिट्टी आणखी जाणवते. ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद मागून घ्या, पुढच्या तपासणीत ताडून बघायला लागेल. आणि गोळ्यांची नावं अजून सांगितली नाहीत, पाकिटं सोबत न्या.