हलव्याचे दागिने खायचे की नुसते मिरवायचे?

मंदआच
गेल्या रविवारी भाचीचं बोरन्हाण झालं. आत्या म्हटल्यावर दागिने माझ्याकडून, हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं. या वेळी हट्टाने हलवाही घरीच केला. डिसेंबरच्या शेवटापासून रोज पहाटे साडेपाचला परात, बारीक आच, आणि साबुदाण्यावर चमचा-चमचा पाक. नऊ दिवसांत निघाला पाव किलोच्या जरा वर. थोडा लवंगेवरचा केला, तो वेगळा. मग दोन रात्री बसून मुकुट, हार, वाक्या आणि कंबरपट्टा बांधला. नुसता दोरा आणि जर. गोंद अजिबात नाही.

कार्यक्रम झाला, बोरं-ऊस-चुरमुरे लुटून झाले, तेव्हा मी जमलेल्या पोरांना म्हटलं, चला, आता दागिने तोडून खायचे. खोलीत शांतता! वहिनीच्या आई म्हणाल्या, “अगं, हे खायचं नसतं. डब्यात ठेवू, हिच्या भावंडाला होईल.” शेजारीच त्यांनी आणलेला विकतचा सेट होता. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला, वास येणारा. आणि गंमत म्हणजे दोन्ही सेट एकाच डब्यात गेले.

माझं म्हणणं एवढंच : जो खाता येत नाही तो हलवा नाही, पांढरे मणी आहेत. संक्रांतीला साखरेचे दागिने घालण्यात जी मजा आहे, ती ते शेवटी तोंडात जाणार यातच आहे. तुमच्याकडे काय करतात?

पापडखार
ताई, पाव किलोसाठी नऊ दिवस? एवढ्यात माझं एक घर रंगवून होतं.

दागिना हा दागिना. रांगोळीत तांदूळ भरतात, त्याचा कोणी भात लावत नाही. रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन ठेवतात, ते कोणी चहात टाकलंय का?

मंदआच
टाकलंय. माझ्याच लग्नातलं. श्रावणापर्यंत पुरलं.

डोंबिवलीची काकू
विकतचा सेट म्हणजे आमच्यासारख्यांचाच, म्हणून लिहिते. गेली अकरा वर्षं मी हे करते. नोव्हेंबरपासून ऑर्डरी सुरू होतात. बाईचा पूर्ण सेट म्हणजे तन्मणी, नथ, कानातले, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, शिवाय जावयाचा हार, नारळ आणि घड्याळ. हो, घड्याळही हलव्याचं, त्याला काटे मात्र सोनेरी कागदाचे. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. प्रत्येक दाण्याला दोऱ्याचा फास घालून गाठ मारावी लागते. एका तन्मणीत माझी दुपार जाते.

गोंद का लावते? कारण सेट नागपूरला जातो, न्यू जर्सीलाही जातो. कुरिअरवाला डबा फेकतो आणि नथीचा दाणा निखळला की फोन मला येतो. खायचा हलवा मी वेगळ्या पुडीत देते आणि दागिन्यांच्या डब्यावर “खाण्यासाठी नाही” अशी चिठ्ठी लावते. यात फसवणूक कुठे आली?

आणि “घरी केलेलाच खरा” हे म्हणायला सोपं आहे. माझ्या सासूबाई शेगडीवर हलवा करायच्या. परातीत बोटांनीच हलवत राहायचं, उलथनं घातलं तर दाण्यावरचा काटा मोडतो. जानेवारीत त्यांच्या उजव्या हाताची बोटं टोकाला सोललेली असायची. त्या हौसेने करत होत्या की घरातल्या मोठ्यांनी बसवलं म्हणून, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. आता मैद्याच्या गोळीसारखा गुळगुळीत हलवा विकत मिळतो त्याला नाव ठेवायला मीही तयार आहे, पण जिला पहाटेचा दीड तास मिळत नाही तिने काय भाचीला बिनदागिन्यांची बसवायची?

खानदेशी
आमच्याकडे होळीला हारकंगन असतात. साखरेचा हार आणि साखरेची कडी. लहान पोरांच्या गळ्यात-हातात घालतात, मामाकडून, काकांकडून येतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून वर पाक ओततात, थंड झाला की दोऱ्यासकट निघतो. तुमच्याकडे पाडव्याला गुढीला बांधतात ती गाठी, तिचंच हे भावंड. गळ्यातला हार चोखत चोखत पोरं गल्लीभर फिरतात. होळीला बेंबीपर्यंत आलेला हार पाडव्याला गळ्याशी येतो. आजीने तो कधी “जपून ठेव” म्हटलेलं आठवत नाही. उरलाच तर उन्हाळ्यात पाण्यात विरघळवून सरबत.

म्हणजे दागिना खाणं हा काही ताईंचा नवा शोध नाही.

पापडखार
हारकंगन मलाही आवडतात, पण ही तुलना पटत नाही. ते साच्यात ओतून घटकाभरात तयार होतात, बाजारात किलोवर मिळतात. दोऱ्याच्या गाठी मारायला दोन रात्री लागल्या ती वस्तू पोराने कराकरा चावावी असं खरंच वाटतं? मला तर बघवणार नाही.

मंदआच
पुरणपोळीचं काय होतं? सकाळी डाळ शिजते, दुपारी दीडला ताट रिकामं. आपण काय पोळी फ्रेम करून लावतो?

दीड वर्षाची आई
या वादात एक गोष्ट सगळ्यांकडून सुटतेय. बोरन्हाण होतं कुणाचं? एक ते पाच वर्षांच्या मुलांचं. माझ्या मुलीने मागच्या आठवड्यात विकतच्या वाकीचा एक दाणा दाताने तोडला, सोबत गोंदाचा धागा. तोंडात बोट घालून काढला. पण ताई, तुमचा बिनगोंदाचा दाणा असता तरी मी काढलाच असता! कडक, गोल, हरभऱ्याएवढा. घशात अडकायला याहून सोयीची वस्तू नाही. बोराच्या बिया आणि अख्खे शेंगदाणे यांचंही तेच. आम्ही डोक्यावरून चुरमुरे आणि बोरांच्या चकत्या टाकल्या. दागिने घातले, फोटो काढले, दहा मिनिटांत उतरवले.

तेव्हा “तोडून खा” हे सात-आठ वर्षांच्या पोरांना ठीक. उत्सवमूर्तीला नाही.

मंदआच
हे मान्य, अगदी मान्य. भाचीला मीही दिला नसता. जमलेली पोरं सहा ते बाराची होती. पण तसं मी वर लिहायला हवं होतं.

वसईकरीण
मी वेगळ्याच सणाची, पण विषय आमच्याही स्वयंपाकघरातला आहे. नाताळला आमच्याकडे दूध, साखर आणि काजूची पूड आटवून मिल्क क्रीम करतात आणि साच्यांत दाबतात. मासे, पानं, बदाम, शिंपले. ईस्टरला मार्झिपॅनची अंडी. पुस्तकात मार्झिपॅन बदामाचं असतं, आमच्याकडे काजूचं, त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि गुलाबपाणी.

मिश्रण चांगलं गरम असतानाच साच्यात गेलं पाहिजे, नाहीतर माशाला खवले उमटत नाहीत. आम्ही मुलं ओळीने बसायचो. ज्याच्या माशाची शेपटी तुटली त्याने तो तिथेच खायचा, असा आईचा नियम. आमच्या माशांच्या शेपट्या फार नाजूक असायच्या.

हे मासे ताटलीत मांडून शेजारी जातात. कोणी “किती सुंदर, ठेवून देते” म्हणालं तर आई मनातून खट्टू व्हायची. तिचं म्हणणं, आवडला नसेल म्हणून ठेवला. मंदआच ताईंना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला नीट कळतं. पण काकूंचंही खरं आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघी बहिणींनी साचे वाटून घेतले आणि दोघी मिल्क क्रीम बाहेरून आणतो. साचे कपाटात आहेत.

क्योतोतला मराठी
जरा लांबून बोलतो. जपानमध्ये कोंपेइतो नावाची मिठाई मिळते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा दुकानातच ओरडलो, अरे, हा तर आपला हलवा! तसाच काटेरी, फक्त रंगीत. नाव पोर्तुगीज ‘कोंफेइतो’वरून आलं. १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या पोर्तुगीज पाद्र्याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या बाटलीतून ही मिठाई भेट दिली होती. पूर्वी दाण्याच्या पोटात खसखस किंवा तीळ असायचा, आता बहुतेक जाड साखर. तिरप्या, फिरत्या, तापलेल्या कढईत दाणे गडगडत राहतात आणि वरून पाक. दोन आठवडे लागतात. इथे क्योतोत १८४७ पासून फक्त हेच करणारं एक दुकान आहे. काटे का येतात यावर तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने लिहिलंसुद्धा आहे.

आपला हलवाही पोर्तुगीजांकडून आला, असा निष्कर्ष कृपया काढू नका, मी तसं म्हणत नाहीये.

मुद्दा असा की राजघराण्यातल्या लग्नकार्यात पाहुण्यांना छोट्या नक्षीदार डबीतून कोंपेइतो देतात. डबी पिढ्यान्‌पिढ्या जपतात, आतला दाणा खातात. जपायचं काय आणि खायचं काय याची वाटणी आधीच झालेली. आणि तो कोणी घरी करत नाही, त्याने कोणाचं अडत नाही. त्यामुळे “खायचा” या बाजूला मी ताईंसोबत, “घरीच” या बाजूला काकूंसोबत.

पापडखार
म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. अस्सल मराठी माणूस, क्योतोत राहूनही.

मंदआच
रात्री पुन्हा सगळं वाचलं. काकू, तुमच्या सासूबाईंच्या बोटांचं वाचून जरा थांबले. माझी बोटं नवव्या दिवशी नुसती लाल झाली होती, आणि मला हाक मारायला मागे दहा माणसांचं घर नव्हतं. मी हौसेने केलं, कधीही थांबता आलं असतं. हा फरक मोठा आहे आणि मी तो विचारात घेतला नव्हता.

पण डबा एकच, हे मला अजून टोचतंय. लवंगेवरचा हलवा वेगळा ठेवला होता तोही त्यातच गेला. दाणा फोडला की आधी गोड, मग जिभेला लवंगेचा चटका. नऊ दिवस मी त्या क्षणाची वाट बघत होते की कोणीतरी दाणा तोंडात टाकेल आणि “अगं बाई, लवंग!” म्हणेल. राग गोंदाचा नाहीच बहुतेक. कोणी चाखलाच नाही.

डोंबिवलीची काकू
अगं मग लवंगेचा आधी वाटायचा ना, वाटीत घालून! दागिन्यांवर कशाला अडून बसलीस? आणि दागिना ठेवलाच तर डब्यात चार लवंगा टाकतात तशा टाक. तरी पावसाळ्यात पाणी सुटतंच. माझ्या जावेने सुनेसाठी म्हणून सेट जपला, मुलाच्या लग्नापर्यंत मुंग्यांनी त्याचं मंगळसूत्र केलं.

खानदेशी
बघा, कोणीतरी खाल्लाच शेवटी.

दीड वर्षाची आई
ताई, रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. आमच्या हळदीकुंकवाला वाटीभर करून बघावा म्हणते. साबुदाणा नको, खसखशीवर करेन. पाकाचं प्रमाण काय?

मंदआच
खसखशीला धीर जास्त लागतो, पहिल्यांदाच असेल तर तिळावर कर. वाटीभर तीळ पुष्कळ होतील, चार चमचे घे. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाक. पाक एकतारी, त्याच्या पुढे नको. परात अगदी मंद आचेवर. एका वेळी एक चमचा पाक, दाणे पूर्ण सुकेपर्यंत दुसरा घालायचा नाही. घाई केली की लाडू होतो. आच वाढली की साखर पिवळी पडते आणि भुगा सुटतो. पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, नुसते पांढरे तीळ, तेव्हा सोडून देऊ नकोस. पाक जिथे आधी वाळतो तिथेच पुढचा थेंब अडकतो, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक काटा दिसायला लागतो. हवा कोरडी आणि गार हवी. ढगाळ दिवशी शेगडी पेटवूच नकोस.

पापडखार
स्टीलच्या परातीत होतो का? बायको विचारतेय. तिने हा धागा वाचला आणि मला पहाटे साडेपाचचा गजर लावायला सांगितलाय.

मंदआच
मी स्टीलच्याच केला. गजर कोणासाठी लावलाय?

पापडखार
तेच विचारायला गेलो होतो. माझ्यासाठी.